पुसून घेणे

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक चिठ्ठी आहे. कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेननं लिहिलेली, कडांना पिवळी पडलेली चिकटपट्टी. अक्षर वळणदार, जुन्या कारकुनाचं. मजकूर एवढाच: 'आधी बठ्ठं पुसून घेणे. मगच पुढील काम करणे.' त्याखाली एक मोबाईल नंबर. मी ती वाचली, हसलो आणि तिच्यात लिहिलंय तसंच केलं. म्हणजे तसंच केलं असं पुढे चार महिने मला वाटत होतं.

मी जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. प्राध्यापकांचा प्रिंटर अडकला की ज्याला हाक मारतात तो मी. काही वर्षांपूर्वी आमच्या लॅबमधले चाळीस कॉम्प्युटर निर्लेखित झाले, म्हणजे कागदोपत्री मेले. प्रत्यक्षात त्यातले तीस तरी धडधाकट होते, फक्त नवी विकतची सिस्टीम त्यांना झेपत नव्हती. भंगारवाला ते हातगाडीवर एकावर एक आपटत होता आणि आमचे विभागप्रमुख शांतपणे पावतीवर सही करत होते. माझं डोकं फिरलं. मी तिथेच भांडलो, मग अर्ज लिहिला, मग आणखी भांडलो आणि शेवटी ते कॉम्प्युटर एका झेडपी शाळेला देण्याची परवानगी काढली.

तेव्हापासून हा नाद. मेलेल्या दोन मशिनांची रॅम काढून तिसऱ्याला लावायची, पंख्यातली धूळ काढायची, विकतच्या सिस्टीमऐवजी हलकं लिनक्स टाकायचं, की तोच डबा मुकाट चालायला लागतो. जामनेर, भडगाव, यावल, जिथून बोलावणं येईल तिथे मी रविवारी जातो. एखाद्या शिक्षकानं 'सर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून देतात' असं म्हटलं की मी लगेच तापतो. फुकट नाही हो, मुक्त! ते कोणीही वापरावं, उघडून बघावं, दुसऱ्याला द्यावं. बायको म्हणते, तुमचं हे सुरू झालं की पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात.

कामाची माझी रीत ठरलेली. मशिन कुठूनही येवो, आधी डिस्क पुसायची. पतसंस्थेतून, दवाखान्यातून आलेल्या मशिनांत लोकांचे फोटो, रिपोर्ट, काय काय पडलेलं असतं. ते बघायचं नाही आणि ठेवायचंही नाही. याबाबतीत मी फार कडक होतो आणि त्या कडकपणाचा मला अभिमानही होता. पुसणं हा आमच्या धुळ्याच्या घरातला रोजचा शब्द. आई हातात फडकं द्यायची आणि म्हणायची, "बठ्ठं पुसी टाक, धूळ शे." बठ्ठं म्हणजे सगळं. कोणाला काही विचारायचं असलं तर आम्ही धुळ्याकडचे लोक इचारतो. पुसत नाही.

ती शाळा फैजपूरच्या पुढे, केळीच्या बागा संपून सातपुड्याचा चढ सुरू होतो त्या अंगाला आहे. मे महिन्यात गेलो. मुख्याध्यापिका नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सगळे घेऊन जा सर, खोली तरी मोकळी होईल." कुठल्यातरी जुन्या योजनेत आलेले दहा कॉम्प्युटर एका खोलीत चादरीखाली झाकून ठेवले होते. अकरावा त्यांच्यात नव्हता. तो ऑफिसमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर एकटा होता. शेजारी एक स्कॅनर, उंदरांनी वायर कुरतडलेला. आणि मशिनच्या दर्शनी भागावर ही चिठ्ठी.

मी हे सगळं पाहिलं. अकरावा वेगळा ठेवलाय, जवळ स्कॅनर आहे, चिठ्ठीखाली नंबर आहे. पुसून टाका असं सांगणारा माणूस खाली स्वतःचा नंबर कशाला लिहील, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. कारकुनी मराठीत मध्येच आलेल्या 'बठ्ठं' या घरच्या शब्दाचं तेवढं हसू आलं. माझ्या मनात आलं, चला, निदान एका शाळेत तरी कोणाला डिस्क पुसण्याचं महत्त्व कळतं. चिठ्ठी आवडली म्हणून मी ती अलगद सोडवून पाकिटात ठेवली.

शाळा उघडली तेव्हा अकराही मशिनं चालू करून दिली. पोरांनी पहिल्या दिवशी चित्रं काढली. एकीनं केळीचा घड काढला, तो जांभळा का, तर पिवळा रंग शेजारचीनं घेतला म्हणून. रंग काही संपत नाहीत हे तिला पटवता पटवता बाई हसून बेजार झाल्या. ती सगळी चित्रं त्यांच्याच हातानं सेव्ह करायला मी शिकवलं. परतताना गाडीत मी एकटाच हसत होतो. असे दिवस माझ्या वाट्याला फार येत नाहीत, म्हणून सांगतो.

सप्टेंबरात एका दुपारी कॉलेजच्या शिपायानं सांगितलं, कोणीतरी म्हातारे आलेत आणि एक मुलगी. म्हातारे त्या शाळेचे निवृत्त कारकून. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत प्लॅस्टिकची फाईल. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. मुलगी एकोणीसेक वर्षांची, त्यांच्याच गावातली, तडवी या आदिवासी समाजाची. धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला होता, होस्टेलही मिळालं होतं. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

"भाऊ, आफिसातलं मशिन तुम्हीच नेलं व्हतं ना?" नाना म्हणाले. "त्याच्यातलं माह्यं रजिस्टर काढी द्या."

"कसलं रजिस्टर, नाना?"

मग त्यांनी सांगितलं. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. पानं हात लावला की तुटायची. नानांनी निवृत्तीच्या आधीच्या वर्षात रोज चार-चार पानं करत अख्खं रजिस्टर स्कॅन केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनाच राहवलं नाही. एक सीडीही केली होती, तिला बुरशी लागली. नंतरच्या पावसाळ्यात कपाटात वाळवी शिरली आणि रजिस्टराची माती झाली. आता राहिलं ते मशिनमध्ये. मुलीला जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यासाठी घरातल्या कोणाची तरी जुनी नोंद. तिचे वडील शाळेत गेलेच नव्हते. आजोबा दोन वर्षं गेले होते. त्या रजिस्टरात आजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात 'तडवी' असं शाईनं लिहिलेलं होतं. तो एक शब्द दाखवला तर तिची राखीव सीट टिकणार होती, त्यासाठी काही महिन्यांची मुदत होती.

"ते मशिन मी पुसलं, नाना," मी म्हणालो.

"कोनाले पुसलं?"

"कोणाला म्हणजे? डिस्क पुसली. तुम्हीच चिठ्ठी लावली होती ना?"

"हां, म्याच लावेल व्हती. पुसून घेजा म्हनूनच तं लावेल व्हती."

"मग मी तेच केलं!"

"मले तं कोनी पुसलं नाही, भाऊ."

आम्ही दोघं एकच शब्द एकमेकांना देत होतो आणि दोघांनाही समोरचा वेडा वाटत होता. माझा आवाज चढलासुद्धा. मुलगी आधी नानांकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. तिला आमच्या दोघांच्या आधी कळलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं."

माझ्या कानात काहीतरी गरम गेल्यासारखं झालं. हा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. शाळेत अभंग शिकलो होतो, जात्यावरच्या ओव्या ऐकल्या होत्या. पण तो पुस्तकातला शब्द, आता कोणी बोलत नाही, असं मी धरून चाललो होतो. धुळ्यापासून यावलपर्यंत सगळं खानदेश, आणि मध्ये कुठेतरी हा शब्द बदलतो. मी जळगावात इतकी वर्षं राहून ते ऐकलं नव्हतं. ऐकलं असेल, लक्ष दिलं नसेल.

आणि अशा नोंदीचा उतारा म्हणजे काय हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध. माझ्या डिप्लोमाच्या वेळी आबा, म्हणजे माझे वडील, अशाच एका शाळेत माझ्या आजोबांची नोंद शोधायला तीनदा गेले होते. तिसऱ्यांदा मला बरोबर नेलं. कारकुनानं बोटानं रकाना दाखवला आणि आबांनी तो शब्द माझ्यासमोर वाचलाही नाही. "लिही," मला म्हणाले. परतताना एसटीतून उतरल्यावर म्हणाले की हा रकाना एक दिवस बंद झाला पाहिजे, पण तोवर त्याची नक्कल जपून ठेव. ती नक्कल अजून माझ्याकडे आहे. तिच्या जोरावर मी आज या खुर्चीत आहे. आणि दुसऱ्या कोणाची तशीच नोंद मी हसत हसत पुसून टाकली होती. मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही.

दुसऱ्याच दिवशी जाऊन मी ते मशिन परत आणलं. पोरांना वाटलं बिघडलं. डिस्क पुसली तरी सगळं लगेच जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी फाडली जाते, पानं पडून असतात, त्यांच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. माझ्या सुदैवानं मी या डिस्कवर जुनं कायमचं घालवणारी शून्यं भरली नव्हती. शाळेचंच मशिन, शाळेलाच जायचंय, म्हणून आळस केला होता. त्या आळसाचा तेवढा उपकार. पण त्यावर नवी सिस्टीम बसली होती आणि तीन महिने पोरं काम करत होती. हरवलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर लावलं. तेही मुक्तच. त्यावर मी कोणाला लेक्चर दिलं नाही.

हजारो तुकडे निघाले. नावं नाहीत, नुसते आकडे. रविवारी नाना पहिल्या एसटीनं जळगावला यायचे, पिशवीत केळी घेऊन, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मी एकेक चित्र उघडायचो, ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावायचे. पानाचा तुकडा दिसला की अक्षरावरून सांगायचे, हे अमक्या हेडमास्तरांच्या काळातलं, हे त्यांच्यानंतरच्यांचं. बरीच पानं अख्खी निघाली, पण आम्हाला हवं होतं ते पान सापडत नव्हतं. आणि मध्येमध्ये पोरांची चित्रं यायची. झोपडी, सूर्य, पुन्हा झोपडी. जांभळा केळीचा घड आला तेव्हा नाना म्हणाले, "ब्येस काढलाय." मी पुढचं चित्र उघडलं. तो घड कोणत्या पानाच्या जागेवर जाऊन बसला असेल, हे मला सांगता आलं नसतं, पण कोणत्यातरी पानाच्या जागेवर तो बसला होता.

मुलगी दर रविवारी संध्याकाळी धुळ्याहून फोन करायची. "सापडलं का सर?" एवढंच. मी नाही म्हणालो की "बरं" म्हणायची. ती एकदाही चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या रविवारी पान निघालं. नाना खुर्चीतून उठलेच. "हेच! हेच पान!" रजिस्टर आडवं रुंद, स्कॅनर लहान, म्हणून नानांनी प्रत्येक पान एका बाजूला वळवून, आडवं घातलं होतं. चित्र आडवं पडलं होतं, मी ते वळवलं. अनुक्रमांक दिसला. नाव दिसलं, आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं, ठसठशीत. आणि त्याच्या पुढे राखाडी. असल्या तुटक्या चित्रांचं असंच असतं, एका बाजूनं भरत येतात आणि जिथे तुटलं तिथून पुढे नुसता राखाडी रंग. पान सरळ घातलं असतं तर खालच्या काही ओळी गेल्या असत्या. आडवं घातल्यामुळे उजवीकडचे सगळे रकाने गेले. त्यातला पहिलाच रकाना जातीचा.

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "म्या ह्या डोळ्यानं वाचेल शे," म्हणाले. नाना शे म्हणत नाहीत, हाये म्हणतात. मला नीट कळावं म्हणून त्यांनी माझ्या धुळ्याची बोली वापरली असावी. ते जात पडताळणीच्या कार्यालयात जाऊन तसं शपथपत्रही करून आले. तिथल्या बाई नीट बोलल्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की कागद लागतो, आठवण चालत नाही. त्यांचं काही चुकलं नाही. कोणाचंच चुकलं नाही, माझ्याशिवाय.

पानाची प्रिंट मी स्वतः धुळ्याला घेऊन गेलो. पोस्टानं पाठवणं शोभलं नसतं. होस्टेलच्या फाटकाशी ती पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये बाहेर आली. कागद दोन्ही हातांनी धरला.

"आजोबांचं नाव मी पहिल्यांदाच लिहिलेलं बघतेय," ती म्हणाली. मग तिचं बोट नावावरून पुढे सरकलं आणि राखाडी भागावर थांबलं. "याच्या पुढे होतं ना सर?"

"हो."

तिनं तिथेच उभ्या उभ्या घरी फोन लावला. फोन जुना होता, पलीकडचं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"आई, आजोबाचं नाव सापडलं. पण जात पुसली गेली."

"जात पुसली?" पलीकडून आवाज आला, घाबरलेला. "कोनी पुसली?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, एवढं तरी मी केलं.

"कोणी नाही, आई," ती म्हणाली.

मुदत संपली, सीट गेली. ती आता केळीच्या पॅकिंगला जाते. दुसरा काही पुरावा मिळतो का, जमिनीचा जुना कागद, जन्माची नोंद, याचा शोध चालू आहे. मीही दोन ठिकाणी जाऊन आलो. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार म्हणते.

गेल्या महिन्यात ते मशिन परत लावायला मी शाळेत गेलो. नाना आधीच येऊन बसले होते. समोर कोऱ्या कागदाच्या अकरा पट्ट्या. प्रत्येकीवर त्याच वळणदार अक्षरात: 'आधी सर्व विचारून घेणे. मगच पुढील काम करणे.' शेवटची पट्टी वाळत होती.

"चूक माहीच हाये, भाऊ," ते म्हणाले. "जन्मभर कारकुनी केली आन् आफिसाच्या चिठ्ठीत घरचा शब्द घातला. तुम्ही धुयाचे. तुम्हाले कसं समजीन?"

"नाही नाना, असं नका म्हणू."

"म्हनू द्या. मले रोज तेच दिसते." पेनाचं टोपण बंद करता करता ते थांबले. "पन एक सांगा. त्या चिठ्ठीवर खाले म्या माहा नंबर टाकेल व्हता ना? मले तं वाटते टाकेल व्हता. घरचे म्हनतात, तुम्ही इसरले असान."

चिठ्ठी तेव्हा अजून पाकिटातच होती. पाकीट मागच्या खिशात होतं. मी खाली बसून वायर लावत होतो, त्यामुळे त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

"नव्हता, नाना," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. "मंग तं बठ्ठी माहीच चूक."

त्यांनी पट्ट्या पुन्हा जवळ ओढल्या आणि एकेकीवर खाली आपला नंबर लिहायला लागले, या वेळी मोठ्या आकड्यांत, दोनदा गिरवून. अकराही होईपर्यंत मी त्यांना चिकटपट्टी कापून देत होतो.